शाळेत एक मोडके इंजिन हवे!



तुमच्या शाळेच्या प्रयोगशाळेतील काचेचे कपाट डोळ्यांपुढे आणा. चंचुपात्रे, परीक्षानळ्या, तराजू, चार-दोन चुंबक, एखादे भिंग, बरणीत जपून ठेवलेला एखादा बेडूक किंवा साप. यादी चांगलीच आहे. पण तिच्यात आणखी एका वस्तूची भर घालावी, असे माझे स्पष्ट मत आहे. ती वस्तू म्हणजे मोटारसायकलचे जुने, बंद पडलेले इंजिन. ते चालू असण्याची मुळीच गरज नाही. चालू यंत्र आपण वापरतो. ते चालते कसे, हा प्रश्न बहुधा ते बंद पडल्यावरच सुचतो.

यावर कोणी म्हणेल, "इंजिन उघडणे हे मिस्त्रीचे काम. शाळेने विज्ञान शिकवायचे की गॅरेज काढायचे?" या प्रश्नामागे एक समजूत दडलेली आहे. हाताने करायचे ते काम आणि डोक्याने करायचे ते विज्ञान, अशी ती समजूत. ती खोटी आहे, हे मी तुम्हांला एकाच इंजिनाच्या उदाहरणाने दाखवणार आहे. निकाल मग तुम्हीच द्या.

उदाहरणाचे इंजिन

आपण उदाहरणाला जुनी ३५० बुलेट घेऊ. हिच्यासारख्या गाड्यांच्या आवाजावरूनच आपल्याकडे मोटारसायकलला 'फटफटी' हे नाव पडले. ही गाडी मूळची इंग्लंडातील रेडिच गावची. १९५५ साली तिचे भारतातील उत्पादन मद्रास येथे, म्हणजे आजच्या चेन्नईत, सुरू झाले. पुढे इंग्लंडातील कारखाना बंद पडला. पण मद्रासची गाडी ओतीव लोखंडी सिलिंडरचे ते जुन्या धर्तीचे इंजिन घेऊन या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. आज मिळणाऱ्या नव्या बुलेटचे इंजिन वेगळ्या रचनेचे आहे. परंतु जुन्या गाड्या आपल्याकडे अजूनही पुष्कळ आहेत आणि त्यांची इंजिने आजही खोलली व बांधली जातात.

या इंजिनाच्या सिलिंडरचा आतील व्यास ७० मिलिमीटर. पिस्टन, म्हणजे पाठ्यपुस्तकातला दट्ट्या, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ९० मिलिमीटर सरकतो. आता वहीत दंडगोलाचे, म्हणजे वृत्तचितीचे सूत्र वापरून घनफळ काढा. त्रिज्या ३.५ सेंटिमीटर, उंची ९ सेंटिमीटर. उत्तर सुमारे ३४६ घन सेंटिमीटर येईल. गाडीवर लिहिलेला ३५० हा आकडा कोठून आला, ते तुम्हांला आता कळले. भूमितीचे एक सूत्र इथेच कामाला लागले!

'हाफ इंजिन' आणि 'फुल इंजिन'

गॅरेजमध्ये तुम्ही हे दोन शब्द ऐकले असतील. सिलिंडर, पिस्टन, रिंगा व झडपा एवढ्यांचेच काम असेल तर ते 'हाफ इंजिन'. त्याखालची पेटी उघडून आतील चाके, दांडा व बेअरिंगे काढावी लागली तर ते 'फुल इंजिन'. आपल्याला या खालच्या भागाकडे पाहायचे आहे.

पायाने चालणारे शिवणयंत्र तुम्ही पाहिले असेल. पायाखालची पट्टी खालीवर होते आणि एका दांडीमुळे मोठे चाक गोल फिरते. इंजिनात नेमके हेच घडते. पेटलेल्या वायूने पिस्टन खाली ढकलला जातो. पिस्टनला जोडलेला दांडा, म्हणजे कनेक्टिंग रॉड, ही ढकल खाली पोचवतो. खाली दोन जड चाके शेजारी-शेजारी असतात. त्यांना फ्लायव्हील म्हणतात. दोन्ही चाकांच्या मध्याबाहेर एक जाड पोलादी खुंटी घट्ट बसवून आवळलेली असते. ही क्रँक पिन. दांड्याचे खालचे, मोठे टोक या पिनेभोवती फिरते. पिन आणि दांडा यांच्यामध्ये जुन्या बुलेटमध्ये पोलादापेक्षा मऊ अशा धातूची एक नळकांडीसारखी बुश असते. ती पिनेलाही जखडलेली नसते आणि दांड्यालाही नाही. म्हणून तिला तरंगती बुश म्हणतात. चाकांच्या बाहेरच्या बाजूंना निघालेले दंड पेटीतील छर्ऱ्यांच्या व रुळांच्या बेअरिंगांवर फिरतात. मराठीत बेअरिंगला 'धारवा' असा सुरेख शब्द आहे.

चाके जड का? या फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन चार वेळा सरकतो, तेव्हा त्याला एकदाच ढकल मिळते. उरलेल्या तीन वेळा त्याला चाकांत साठलेली गती ओढून नेते. जडत्वाचा नियम तुम्ही व्याख्या म्हणून पाठ केला असेल. येथे तो हातात धरता येतो, आणि चांगलाच जड लागतो.

एका पिनेवर किती भार?

समजा, इंजिन मिनिटाला ३,००० फेरे घेत आहे. म्हणजे सेकंदाला ५०. प्रत्येक फेऱ्यात पिस्टन एकदा वर, एकदा खाली जातो. म्हणजे तो सेकंदाला १०० वेळा थांबतो व १०० वेळा पुन्हा धावू लागतो. त्याची सरासरी चाल सेकंदाला ९ मीटर पडते.

पिस्टनच्या माथ्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस सेंटिमीटर. वायू पेटल्यावर दर चौरस सेंटिमीटरवर २५ किलोचा दाब पडतो असे धरले, तर एकूण भार ९६० किलोंच्या आसपास येतो. साडेनऊ क्विंटलांहून अधिक! आणि हा तडाखा सेकंदाला २५ वेळा, तासाला ९०,००० वेळा बसतो.

याशिवाय पिस्टनचे स्वतःचे जडत्व आहेच. पिस्टन ३०० ग्रॅमचा धरा. वर्तुळाकार गतीचे सूत्र लावले, तर टोकाला त्याला अडवून परत फिरवण्यासाठी सुमारे १३५ किलो वजनाएवढे बल लागते. इंजिनाचा वेग दुप्पट केला तर हे बल दुप्पट नव्हे, चौपट होते. नवे किंवा नुकतेच बांधलेले इंजिन पहिल्या काही शे किलोमीटरांत जोरात पळवू नका, असे मिस्त्री सांगतो. तो सूत्र सांगत नसेल, पण त्याच्या सल्ल्यात ते सूत्र आहे.

एवढा भार सोसूनही पिन व बुश वर्षानुवर्षे टिकतात, कारण त्या दोहोंमध्ये केसाहूनही पातळ असा तेलाचा थर असतो. धातू धातूला टेकतच नाही; तो तेलावर घसरतो. ज्या दिवशी हा थर तुटतो, त्या दिवसापासून झीज सुरू होते.

ठोका कुठून येतो?

झीज झाली की इंजिनातून ठोका ऐकू येतो. पण ठोका पिस्टनचा असू शकतो, झडपांचा असू शकतो, वरच्या लहान पिनेचा असू शकतो किंवा खालच्या मोठ्या टोकाचा असू शकतो. चांगला मिस्त्री लगेच पाना उचलत नाही. तो इंजिन थंड असताना ऐकतो आणि गरम झाल्यावर पुन्हा ऐकतो. पिस्टन सिलिंडरमध्ये सैल असेल तर ठोका थंड असताना मोठा असतो आणि गरम झाल्यावर कमी होतो, कारण पिस्टन प्रसरण पावून पोकळी भरून काढतो. खालचे बेअरिंग गेले असेल तर उलट घडते. तेल तापून पातळ होते, थर दुबळा पडतो आणि ठोका वाढतो.

हे काय आहे? निरीक्षण झाले, दोन अनुमाने मांडली आणि त्यांच्यातील फरक दाखवील अशी कसोटी निवडली. शास्त्रीय पद्धत म्हणतात ती हीच.

सिलिंडर काढल्यावर दुसरी कसोटी. दांडा हाताने धरून सरळ वर ओढायचा आणि खाली दाबायचा. या दिशेला हाताला कळण्याजोगी ढिलाई लागता कामा नये. दांडा आडवा, म्हणजे दोन चाकांच्या मध्ये, थोडा सरकतो. ती मोकळीक मुद्दाम ठेवलेली असते. नवशिका मुलगा आडवी हालचाल पाहून घाबरतो आणि उभी हालचाल पाहायची विसरतो. कोणत्या दिशेने मोजायचे, हे ठरवल्याशिवाय मोजण्याला अर्थ नाही.

तिसरी कसोटी सूक्ष्ममापकाची. पिन बाहेर काढून तिचा व्यास वेगवेगळ्या दिशांनी मोजतात. झिजलेली पिन बहुधा गोल राहिलेली नसते. एका अंगाने अधिक झिजलेली असते. का बरे? वायूचा तडाखा प्रत्येक वेळी चाकाच्या त्याच स्थितीत बसतो, म्हणून पिनेच्या त्याच अंगाला तो सोसावा लागतो.

सुटा भाग बदलला म्हणजे दुरुस्ती झाली का?

माझ्या मताचा गाभा येथे आहे. पिन झिजली, बुश झिजली, नवी घातली, काम संपले, असे पुष्कळांना वाटते. पण खरा प्रश्न पुढेच आहे. ती झिजली का?

या इंजिनात तेलाचे दोन पंप असतात. एक तेल पुरवतो, दुसरा ते गोळा करून परत पाठवतो. दंडाच्या टोकावरील वर्म गिअरने ते चालतात. पुरवठ्याचे तेल नमद्याच्या गाळणीतून जाते, मग पेटीच्या झाकणातून फिरत्या दंडाच्या पोकळीत शिरते आणि तेथून पिनेपर्यंत पोचते. स्थिर झाकणातून फिरत्या दंडात तेल जाते, त्या ठिकाणी एक लहानसे सील असते. ते खराब झाले तर दाबाखालचे तेल तेथेच गळून पेटीत पडते आणि पिनेपर्यंत पुरेसे पोचत नाही. बाहेरून पाहाल तर तेलाची टाकी भरलेली, पंप चालू, तेल फिरतेही आहे. पण जेथे हवे तेथे ते नाही.

दुसरे कारण गाळ. फिरत्या चाकातील वाटेने जाताना तेलातील जड कण बाहेरच्या अंगाला फेकले जातात. दुधातून साय वेगळी करणारे यंत्र याच तत्त्वावर चालते. वर्षानुवर्षे तेथे काळा, घट्ट गाळ साचतो आणि वाट चोंदते. ही वाट साफ न करता नवी बुश घातली, तर नवी बुशही जुनीच्याच मार्गाने जाणार. पैसे गेले, श्रम गेले आणि ठोका परत आला.

म्हणून मी म्हणतो की भाग बदलणे आणि दुरुस्त करणे यांत फरक आहे. कारण शोधले तरच ती दुरुस्ती. डॉक्टरने तापाची गोळी दिली आणि ताप कशाचा हे पाहिलेच नाही, तर आपल्याला ते चालेल का?

हातोडा की ऊब?

पेटी ॲल्युमिनियमची आणि बेअरिंग पोलादाचे. बेअरिंग घट्ट बसलेले असते. ते हातोड्याने ठोकून काढले तर पेटीतील भोक ओरखडते, ढिले पडते आणि पुढे बेअरिंग त्यात फिरू लागते. जाणता कारागीर पेटी समान तापवतो. समजा, बेअरिंगचा बाहेरचा व्यास ६२ मिलिमीटर आहे आणि तापमान ८० अंश सेल्सिअसने वाढवले. ॲल्युमिनियमचे भोक सुमारे ०.११ मिलिमीटरने मोठे होईल. पोलादाचे बेअरिंग तेवढेच तापले तरी ते सुमारे ०.०६ मिलिमीटरनेच वाढेल. म्हणजे ०.०५ मिलिमीटरची मोकळीक मिळाली. बेअरिंग हलक्या धक्क्याने, कधी आपल्या वजनानेच, बाहेर येते. प्रसरणाच्या धड्यातील 'लोखंडी गोळा व कडे' हा प्रयोग तुम्ही पाहिला असेल. येथे तोच नियम एका पेटीचा जीव वाचवतो.

शतांश मिलिमीटरची लढाई

सर्वांत अवघड काम शेवटी येते. नवी पिन घालून दोन्ही चाके पुन्हा जोडली, की ती एकमेकांशी तंतोतंत सरळ आहेत का हे पाहावे लागते. जोडलेली चाके दोन टोकांवर धरून सावकाश फिरवतात आणि दंडाला डायल गेज टेकवतात. या घड्याळासारख्या मापकाचा एक भाग म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा. काटा जेथे वर जातो तेथे खडूची खूण करतात. मग तांब्याच्या हातोड्याने योग्य जागी एक ठोका. पुन्हा फिरवायचे, पुन्हा वाचायचे. पुन्हा ठोका. कधी चाकांच्या मध्ये पाचर घालावी लागते, तर कधी ती बाहेरून दाबावी लागतात. काट्याची हालचाल पाच शतांश मिलिमीटरच्या आत आणण्याचा कसबी माणसाचा प्रयत्न असतो. हे काम दहा मिनिटांत होईल किंवा अर्धा दिवस घेईल. घाई केली तर वाकडी चाके नव्या बेअरिंगांनाही लवकरच खाऊन टाकतील.

हे काम करणाऱ्या माणसाचे कपडे काळे असतात, म्हणून आपण त्याला अशिक्षित समजावे काय? अनुभव त्याला तर्क सुचवतो आणि मोजमाप निकाल देते. प्रयोगशाळेतला शास्त्रज्ञ याहून निराळे काय करतो?

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप असा की, पेट्रोलची इंजिने आता जाणार, विजेच्या गाड्या येणार. मग जुन्याचा अभ्यास कशाला? विजेच्या गाड्या येत आहेत हे खरे आणि हवेच्या दृष्टीने ते चांगलेही आहे. जुने इंजिन नव्यापेक्षा अधिक धूर सोडते, हेही मी नाकारत नाही. म्हणून तर ते रस्त्यावर नको, शाळेच्या टेबलावर हवे असे मी म्हणतो. विजेच्या मोटारीलाही दंड असतो, बेअरिंग असते, वंगण लागते. घर्षण, प्रसरण व जडत्व यांचे नियम इंधन बदलले म्हणून बदलत नाहीत.

दुसरा आक्षेप खर्चाचा. पण इंजिन चालवायचे नसल्यामुळे नवे भाग घ्यावे लागत नाहीत. भंगारातले, पेटी फुटलेले इंजिनही चालेल. डायल गेज नसले तरी पिस्टनमधील लहान पिन वरच्या वर्गांच्या स्क्रू गेजमध्ये सहज मावते. सुरुवात तिच्यापासून करावी.

तिसरा आक्षेप सुरक्षिततेचा, आणि तो योग्य आहे. म्हणून नियम पाळावेत. टाकी व कार्बुरेटर आधीच काढून टाकावेत; पेट्रोलचा थेंबही वर्गात नको. वापरलेले इंजिन-तेल त्वचेला अपायकारक असते. हातमोजे घालावेत आणि नंतर हात साबणाने धुवावेत. हे तेल गटारात किंवा मातीत ओतू नये, डब्यात साठवावे. जुन्या गास्केटांत ॲस्बेस्टॉस असू शकते. ती कोरडी खरवडू नयेत, ते काम मोठ्या व जाणत्या माणसावर सोपवावे. शिक्षक हजर असल्याशिवाय पाना हातात घ्यायचा नाही.

चौथा आक्षेप तुमच्या घरून येईल. "यातून गुण किती मिळणार?" याला माझे उत्तर असे. प्रत्येक वर्गात अशी मुले-मुली असतात की ज्यांना सूत्र फळ्यावर समजत नाही, पण वस्तू हातात आली की चटकन समजते. त्यांना आपण 'कच्चे' म्हणून मोकळे होतो. त्यांच्यापुढे जड चाक ठेवा, मग जडत्व विचारा. ती कच्ची नव्हती, त्यांच्यापुढे वस्तूच ठेवली गेली नव्हती, हे ध्यानात येईल. आणि हे काम मुलांचे, मुलींचे नव्हे, असे कोणी म्हणाले तर ऐकून घेऊ नका. डायल गेजचा काटा कोणाचा हात आहे हे पाहत नाही.

तुम्ही काय कराल?

जुनी इंजिने बांधणारे अनेक वाकबगार कारागीर आता वयस्क झाले आहेत. त्यांची विद्या बहुतेक तोंडी आहे. कोणत्या आवाजाचे कारण काय, कोणते भोक आधी पाहायचे, चाक कोठे ठोकायचे, हे त्यांनी कोठे लिहून ठेवलेले नाही. ते थांबले की ती विद्याही थांबेल. तुमच्या गावात, पेठेत असे एखादे काका असतील. त्यांना दोन-तीन मित्रांसह, कामाची गर्दी नसेल अशा वेळी भेटा. शाळेत येऊन एक इंजिन उघडून दाखवाल का, असे नम्रपणे विचारा. वही बरोबर ठेवा. ते जे सांगतील ते लिहा आणि प्रत्येक गोष्टीपुढे 'का?' हा प्रश्न लिहा. काही उत्तरे त्यांच्याकडे मिळतील, काही तुमच्या पाठ्यपुस्तकात. काही दोन्हीकडे मिळणार नाहीत. ती तुम्हांलाच मोजून शोधावी लागतील.

आणि मुख्याध्यापकांकडे अर्ज करायचा तर असा करा: "प्रयोगशाळेतील कपाटाशेजारी एक मजबूत टेबल आणि त्यावर एक मोडके इंजिन ठेवण्यास परवानगी मिळावी. आम्ही ते उघडू, मोजू, पुसू आणि पुन्हा जोडू." शेवटचा शब्द विसरू नका. उघडणे सोपे असते. सगळे भाग जागच्या जागी परत बसले आणि टेबलावर एकही नट उरला नाही, म्हणजे तुमची परीक्षा झाली असे समजा.